वेशीबाहेरची घळ

सातबाऱ्यावर आमच्या घळीपुढे ‘पोटखराब’ असा शेरा आहे. म्हणजे जिथे काही पिकत नाही, पुढेही पिकणार नाही आणि जिच्याकडून सरकारलाही काही अपेक्षा नाही अशी जमीन. लग्न होऊन मी शिरोड्याहून या गावात आले, तेव्हा घरच्यांनी मोठ्या कौतुकाने मला आपली जमीन दाखवायला नेलं आणि ही घळ दाखवली. तांबड्या-पांढऱ्या मातीच्या उभ्या भिंती, त्यांत पावसाने कोरलेले खोल चर, मध्येच डोक्यावर दगडाची टोपी घेऊन उभे असलेले मातीचे खांब. झाड म्हणावं असा एखादा कुडा, बाकी करवंदीच्या जाळ्या. मी वाळू नि माड बघत वाढलेली. मला वाटलं, ही माणसं माझी थट्टा करतायत.

मी भूगोलाची बाई. तालुक्याच्या शाळेत मी आयुष्यभर नकाशे लटकवले आणि काढले. पण या घळीचा भूगोल मला शिकवला तो माझ्या मोठ्या दिरांनी, आणि ते चौथीनंतर शाळेत गेलेले नव्हते. ते जांभ्याच्या खाणीवर चिरे काढायचे. मशीन यायच्या आधीची गोष्ट, सगळं काम हाताचं. ते म्हणायचे, वर चिरा, खाली शेडी, आणि दोघांच्या मध्ये पाणी, बाकी सगळं मास्तरांचं बोलणं. शेडी म्हणजे जांभ्याच्या खालची पांढरट, हाताला मऊ लागणारी माती. पूर्वी गणपतीच्या आधी बायका हीच माती नेऊन भिंती सारवायच्या. वरच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, पाऊस पडतो, तो जांभ्याच्या भोकाभोकांतून झिरपत खाली येतो आणि शेडीवर येऊन अडतो. तिथून तो बाजूला फुटतो, झरा होतो. झरा फुटताना थोडी थोडी शेडी घेऊन जातो. खालचा आधार गेला की वरचा चिरा काही वर्षं हवेत तरंगल्यासारखा राहतो आणि एका पावसाळ्यात खाली येतो. अशी आमची घळ दर पिढीला थोडी थोडी सड्याकडे मागे सरकते. पुस्तकात याला चार पानं लागतात.

दीर तिथल्या दगडावर काठी आपटून आवाज ऐकायचे. पोकळ वाजला की आम्हाला मागे ओढायचे. मी सहल घेऊन आले की पोरांना तेवढंच आठवायचं. माझे रंगीत खडूने काढलेले थर कोणालाच आठवायचे नाहीत. मला तेव्हा याचा राग यायचा, आता गंमत वाटते.

हेच दीर दोनेक वर्षांपासून विसरायला लागले. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. मला ते ‘मास्तरीण’ म्हणायचे. एके दिवशी त्यांनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं की ही बाई आपल्याकडे कधीपासून राहते. नवरा हसला. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसले.

आणि अशात गेल्या नाताळाच्या आधी देवाने गावपळणीचा कौल दिला.

गावपळण म्हणजे काय ते बाहेरच्यांना समजावून सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. काही वर्षांनी एकदा देवाचा कौल होतो आणि सगळा गाव घरांना कुलपं लावून वेशीबाहेर पडतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. तीन दिवस तीन रात्री गावात कोणी पाऊल ठेवायचं नाही. चौथ्या दिवशी देवाने परत यायचा कौल दिला की घरी. का, असं विचारलं तर दहा माणसं दहा कारणं सांगतात. आमचं घर ख्रिस्ती, पण गाव निघाला की आम्हीही निघतो. क्रुसासमोर मेणबत्ती लावायची, दार ओढून घ्यायचं आणि गादी-टोप घेऊन चालायला लागायचं. आमच्या वाडीचा मुक्काम पूर्वीपासून या घळीत. घळ पडते शेजारच्या गावच्या हद्दीत, आणि तिथे बारमाही पाणी आहे.

मला घोर लागला तो दिरांचा. घरात असताना त्यांना ओटीवरून अंगणात उतरू देताना मी मागे उभी राहायचे. आणि इथे त्यांना तरंगत्या चिऱ्यांच्या नि खोल चरांच्या घळीत तीन दिवस ठेवायचं होतं. नवऱ्याला म्हटलं, आपण दोघं त्यांना घेऊन माझ्या माहेरी जाऊ, गाव सोडल्याशी कारण. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी गणपतीत मटण शिजवायची परवानगी मागितली. वाडीबरोबरच जायचं ठरलं. मी मनातल्या मनात म्हटलं, आता तीन दिवस माझा डोळा त्यांच्यावरून हलणार नाही.

पहिला दिवस छान गेला. टेम्पो येतो तिथपर्यंत, म्हणजे घळीच्या तोंडाशी ओढ्याच्या, आमच्या भाषेत व्हाळाच्या, काठी जी सपाट जागा आहे तिथे, वाडीने माडाच्या चुडतांच्या खोपी उभ्या केल्या. खाडीतली मासळी आली. बायका फुगड्या घालायला लागल्या, त्यात मला गुडघ्यांसकट ओढलं. दीर खोपीच्या दारात शहाण्यासारखे बसून होते, फक्त मधूनमधून वर घळीकडे बघत होते. मी समजले, जुन्या ओळखीची जागा आहे, बघू देत.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं डोकं फिरलं होतं. एक तर चहाचा टोप सापडत नव्हता. टोप कोणीतरी नेला असणार आणि विचारून नेला नसणार, म्हणून मी शेजारच्या दोन खोपींना ऐकू जाईल असं बोलून घेतलं. दुसरं म्हणजे व्हाळाचं पाणी. कालपर्यंत काचेसारखं होतं, आज ताकासारखं पांढुरकं येत होतं. बायका म्हणत होत्या वर कोणीतरी म्हशी घातल्यात. मी त्या न दिसलेल्या म्हशींच्या मालकालाही दोन शब्द सुनावले. हे सगळं होईपर्यंत पेज झाली आणि मी दिरांना हाक मारली. खोप रिकामी होती.

नवऱ्याला वाटलं होतं ते माझ्याबरोबर व्हाळावर आहेत. मला वाटलं होतं ते त्याच्याबरोबर आहेत. आपल्या घरांत माणसं अशीच हरवतात.

वाडी क्षणात गोळा झाली आणि सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट: म्हातारा घराकडे गेला. दुसरं काही कोणाच्या मनात आलंच नाही. विसरायला लागलेलं माणूस घराची वाट धरणार, हे तर झालंच. पण खरं कारण वेगळं होतं. गावपळणीत सगळ्यांना भीती असते ती एकाच गोष्टीची, की कोणीतरी आत जाईल. त्यामुळे जे काही वाईट घडायचं ते वेशीच्या आतच घडणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं. मीसुद्धा. सगळी वाडी वेशीच्या दगडाकडे धावली आणि तिथे रांगेत उभी राहून आपल्याच रिकाम्या गावाकडे बघायला लागली. समोर शेतं, पलीकडे कौलं, कुठे धूर नाही, कुत्रं नाही. मला वाटत होतं ते त्या बंद घरांत फिरत असतील, आमचं दार ढकलत असतील, विहिरीच्या काठावर उभे असतील.

मग वाद सुरू झाला. एकाने म्हटलं मालवणातल्या फोटोवाल्याचा ड्रोन मागवू, तो वरून बघेल. त्यावर ड्रोन आत गेला तर गावपळण मोडते की नाही यावर दोन बाजू झाल्या. एक बाजू म्हणत होती त्याला पाय कुठे आहेत. दुसरी म्हणत होती डोळा गेला म्हणजे माणूसच गेला. एरवी मी हसले असते.

तेवढ्यात आमचं सामान घेऊन आलेला टेम्पोवाला, वाडीतलाच तरणा माणूस, माझ्याजवळ आला. तो माझा विद्यार्थी. त्याने हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “बाई, तुमी आत जावन बघून येवा. तुमका काय आमचो देव आडवचो नाय.”

त्याच्या मनात वाईट नव्हतं, हे मला तेव्हाही कळलं. पण मला ते लागलं. ही माझी कितवी गावपळण. दर वेळी मी यांच्यासारखंच कुलूप लावून बाहेर पडले होते, थंडीत कुडकुडले होते, यांच्याबरोबर कौलाची वाट बघितली होती. आणि आज यांना माझा देव आठवला. मला जायचं तर होतंच. तोवर मी जायला निघालेही होते, नाही असं नाही. पण असं नको होतं.

मानकरी, म्हणजे देवाला गाऱ्हाणं घालण्याचा मान ज्यांच्या घरात आहे ते, वेशीच्या दगडाशी बसले होते. वय झालेलं, ऐकू कमी येतं असं सगळे समजतात. त्यांनी टेम्पोवाल्याकडे वळून बघितलं.

“गाव भायर पडलो तेवा ही आपल्या घराक कुलूप लावन इली मा? मगे आता ही वायली कशी झाली?”

वायली म्हणजे वेगळी, परकी. टेम्पोवाल्याने मान खाली घातली. मानकऱ्यांनी नारळ मागितला, दगडासमोर ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. त्यात मोठे शब्द नव्हते. वाट चुकलेल्या आमच्या माणसाला सांभाळ, आमची काही चूक झाली असेल तर पदरात घे, एवढंच. मग उठून ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, “दुपारपर्यंत गावलो नाय तर मी स्वता आत जातंय. काय तां माज्यार येवंदे.”

मला वाटतं त्या वाक्याने माझं डोकं ठिकाणावर आलं. तोपर्यंत मी फक्त घाबरले होते. आता कोणीतरी भार घेतला, तसा मला विचार करायला मोकळेपणा मिळाला. नवऱ्याचा घसा सुकला होता, त्याच्यासाठी पाणी आणायला मी खोपीकडे आले, कळशी व्हाळात बुडवली, आणि ते पांढुरकं पाणी बघून तशीच उभी राहिले.

म्हशींनी पाणी तांबडं झालं असतं, शेणकट झालं असतं. हे पांढरं होतं. शेडीचं पाणी. वर कोणीतरी झऱ्याचं तोंड उकरत होतं. आणि घराकडे निघालेला माणूस चहाचा टोप घेऊन कशाला जाईल? इतकी वर्षं मी पोरांना सांगत आले की नदी वरची खबर खाली आणते, आणि सकाळपासून ती खबर पायांशी असताना मी म्हशींच्या मालकाला शिव्या घालत होते. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो असा.

मी कोणाला हाक मारायला थांबले नाही. वर निघाले. मागे पावलं वाजली म्हणून बघितलं तर टेम्पोवाला येत होता. माझा राग अजून पुरता गेला नव्हता, पण मागे कोणी आहे हे बरं वाटलं.

घळ वर जाते तशी अरुंद होते. भिंती दोन्ही बाजूंनी जवळ येतात. त्यांत वेड्या राघूंनी केलेली बिळं. पक्षी उन्हाळ्याच्या तोंडाला येतात, आता रिकामी होती. वर पुढे आलेले जांभ्याचे कडे. यांतला कोणता पोकळ, कोणता धड, मला सांगता येत नाही. मला फक्त त्याची व्याख्या येते. एका वळणावर ताजी पडझड होती. बैलगाडीएवढा चिरा खाली आलेला, भोवती ओली माती, आणि त्या मातीत काहीतरी निळं. दिरांचा शर्ट निळा होता. टेम्पोवाल्याने मला मागे सारलं आणि तो पुढे गेला. त्याने वाकून ते ओढलं. खताच्या पिशवीचा तुकडा होता. मी खाली बसले. तो म्हणाला, बाई, तुम्ही थांबा, मी जातो. मी उठले.

पुढच्या वळणाला धुराचा वास आला.

तिथे घळ जराशी उघडते. व्हाळाच्या काठाला देवळाच्या सभामंडपाएवढी उंचवट्याची जागा आहे. दिरांनी ती झाडून काढली होती, कुड्याच्या फांदीने. फांदी नीट बाजूला ठेवलेली. वर झऱ्याचं तोंड मोकळं केलेलं, त्यामुळे हात कोपरापर्यंत पांढरे. तीन दगडांची चूल, चुलीवर माझा टोप. आणि ते चुलीपाशी उकिडवे बसून आमच्यावर चिडलेले होते.

“इतको वेळ खंय होतास?” ते म्हणाले. “पाणी तापला नि थंडय झाला.”

मला ओरडायचं होतं. त्यांना पकडून हलवायचं होतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, पाठ गरम होती. टेम्पोवाला खाली वर्दी द्यायला पळत सुटला.

जरा वेळाने मला भोवतालचं दिसायला लागलं. चुलीमागच्या मातीच्या भिंतीत, माझ्या कमरेच्या उंचीला एक काळी रेघ होती. बोट फिरवलं तर राख. तिच्याखाली हातभर गाळ, मग दुसरी रेघ. त्याखाली तिसरी, तिच्यात जळका दगड आणि शिंपल्यांचे तुकडे. मी दिरांना विचारलं हे काय. ते म्हणाले, “चुली.” दर गावपळणीला वाडी इथे यायची, चुली मांडायची, जायची, पावसाळे त्यांच्यावर गाळ टाकायचे, पुढे व्हाळाने तोच गाळ कापून काढला आणि सगळं उघडं पडलं. रस्ता झाला, टेम्पो घळीच्या तोंडाशी पोचायला लागला, तशी आम्ही सोयीसाठी खाली राहायला लागलो. माझ्या लग्नाच्या आधीची गोष्ट ती. दिरांच्या डोक्यात मात्र गावपळणीची जागा ही होती. ते हरवलेच नव्हते. ठरल्या जागी वेळेवर येऊन आमची वाट बघत होते. शिवाय त्या एवढ्या जागेवर वर एकही कडा पुढे आलेला नव्हता. मी सबंध घळ त्यांच्यासाठी घाबरून काढली होती.

नवरा वाटेत पाय मुरगळून लंगडत आला, मानकरीही आले, अर्धी वाडी आली. नवरा भावाच्या शेजारी बसून टोपातलं कोमट पाणी प्याला. सगळ्यांचे चेहरे असे सैल झाले होते की कोणीतरी कारण नसताना हसलं आणि मग सगळेच हसायला लागले. मग त्यांना खाली न्यायचा प्रयत्न झाला. त्यांनी साफ नाही म्हटलं. सगळी आल्याशिवाय चूल सोडायची नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. मी समजावलं, नवऱ्याने समजावलं. भिंतीशी बोलावं तसं.

मानकरी बराच वेळ त्या काळ्या रेघांकडे बघत होते. मग म्हणाले, “तो खाली येना नाय, तर आपण वर येवया.”

आणि वाडी वर आली. कुरकुर झाली, नाही असं नाही. गॅसची शेगडी इतक्या लांब कोण आणणार, मोबाईलला रेंज नाही, म्हातारी माणसं कशी चढणार. पण ऊन कलायच्या आत गाद्या, टोप, कोंबड्यांचे डालगे, एक शेळी, सगळं त्या वळणांतून वर आलं. ज्यांना चढवत नव्हतं त्यांना टेम्पोवाल्याने हाताला धरून एकेक करून आणलं.

दीर चुलीपाशीच उभे. येईल त्याला एकच प्रश्न: तू कोणाचा? आमची नावं त्यांच्या उपयोगाची राहिलेली नव्हती. माणूस आपल्या आजोबांचं नाव सांगायचा, आणि ते क्षणभर थांबून बोट करायचे: तुमची चूल तिथे, त्या मुळाच्या अंगाला. तुमची इथे, पाण्याकडे. टेम्पोवाल्याने आपल्या पणज्याचं नाव सांगितलं, तेव्हा त्यांनी त्याला एका सपाट दगडाशी नेऊन उभं केलं. ते जे सांगत होते ते खरं की खोटं हे तपासायला आता कोणी उरलेलं नाही. पण कोणीही वाद घातला नाही. प्रत्येक जण दाखवलेल्या जागी जाऊन आपले तीन दगड मांडत होता.

शेवटी मी राहिले. हातात गादीची वळकटी घेऊन बाजूला उभी होते. या गावात मला आजा नाही, पणजा नाही, मी शिरोड्याची. गेले कित्येक महिने त्यांच्या नजरेत मी कोणीतरी परकी बाई होते आणि सकाळची गोष्ट अजून ताजी होती. ते माझ्याकडे बघायला लागले. नवऱ्याने घाईने सांगायला सुरुवात केली, दादा, ही...

त्यांनी हाताने त्याला गप्प केलं.

“हिचा काय सांगतंस? ही आमच्या घरातली.” मग चुलीच्या आतल्या बाजूला, आपल्या शेजारी, त्यांनी हाताने माती साफ केली. “बस गो.”

मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. वळकटी तिथेच टाकली आणि बसले.